रिकाम्या कोठ्यातली दुर्बीण हे खूळ आहे काय?

मुरूमखोद :

परवा या मंचावर एका सदस्याने लिहिले की, “खेड्यात राहून वेधशाळा बांधणे म्हणजे विहिरीच्या काठावर बसून बाटलीचे पाणी विकत घेणे होय, खळ्यावर सतरंजी टाकावी आणि वर पाहावे, त्यासाठी गुरांचा चांगला कोठा मोडण्याचे कारण नाही.” मी तीन वर्षांपूर्वी नेमके तेच केले असल्यामुळे हे वाक्य मला दोन दिवस बोचत राहिले आहे, आणि म्हणून सविस्तर उत्तर देतो.

शेवटची बैलजोडी विकल्यानंतर आमचा १२ बाय २० फुटांचा कोठा कुटार म्हणजे भुसा आणि फवारणीचे पंप ठेवण्यापुरता उरला होता. माझ्याकडे ८ इंची आरशाची दुर्बीण होती. ती पाहायला काढायची म्हणजे तिपाई अंगणात न्यायची, माउंट म्हणजे दुर्बीण फिरवणारी बैठक चढवायची, तिचा अक्ष ध्रुवाशी जुळवायचा आणि आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होण्याची वाट पाहायची. यात तासभर जात असे, आणि दिवसभर वावरात राबलेल्या माणसाजवळ रात्री तेवढा एक तासच असतो. दोन हिवाळ्यांत मिळून ती दुर्बीण अकरा वेळा बाहेर आली. कोठ्यात कायमची बसवल्यापासून मी मोजणे सोडून दिले आहे. वेधशाळा अंधार विकत घेण्यासाठी नसते, तो तास वाचवण्यासाठी असते, एवढे सतरंजीवाल्यांनी लक्षात घ्यावे.

चुका मी पुष्कळ केल्या, आणि खूळ म्हणायचेच असेल तर त्यांना म्हणावे. परदेशी आराखडे पाहून मी टिनाचे छप्पर रुळावरून उत्तरेला सरकेल असे केले. तिकडे ५० अंश अक्षांशावर ध्रुवतारा इतका उंच असतो की सरकवलेले छप्पर त्याच्या बरेच खाली राहते. आपल्याकडे विदर्भात ध्रुव जेमतेम २० ते २१ अंशांवर असल्यामुळे माझ्या छपराने त्यालाच झाकले, आणि ज्याच्याशी माउंट जुळवायचे तोच दिसेनासा झाला. मग रूळ उखडून छप्पर पूर्वेला वळवले. पूर्वेचा तारा थोडा वेळ थांबले तर आपोआप वर येतो, पश्चिमेचा गेला तो त्या रात्रीपुरता गेला. दक्षिणेची भिंत आठ फुटांची होती. दुर्बिणीचा अक्ष पाच फुटांवर आणि भिंत सहा फूट दूर, म्हणजे २७ अंशांखालचे सगळे आकाश बंद. अगस्त्य १७ अंशांच्या वर जात नाही, आणि नरतुरंग या तारकासमूहातला ओमेगा हा भव्य तारकागुच्छ, जो युरोपातल्या बहुतेक हौशी लोकांना घरून कधीच दिसत नाही, आपल्याकडे सुमारे २२ अंशांपर्यंत चढतो. दोन्ही माझ्या भिंतीमागे होते. तीन फूट भिंत उतरवली तेव्हा घरच्यांनी आठ दिवस अबोला धरला.

सर्वांत महागात पडली ती काळी माती. दुर्बिणीचा खांब मी चार फूट खोल पायावर ओतला. पावसाळ्यात माती फुगली, एप्रिलमध्ये तिला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडल्या, आणि वर्षभरात खांब डोळ्यांना दिसेल इतका कलला. तो फोडून मुरूम लागेपर्यंत खोदले, नवा खांब ओतला, आणि कोठ्याच्या फरशीला तो कोठेही चिकटणार नाही अशी दोन बोटांची फट ठेवली, त्यामुळे आत कोणी चालले तरी दुर्बिणीतला गुरू थरथरत नाही. एवढे सोसल्यावर कोणी सतरंजीचा उपदेश केला की राग येतो, आणि तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

सतरंजीवाला :

ते वाक्य माझे आहे, आणि भाऊ, तुमचे उत्तर वाचून मी त्यावर अधिकच ठाम झालो आहे. उत्तरेचे छप्पर पूर्वेला, भिंत खाली, खांब दोनदा. एवढ्या खटाटोपात तुमचे किती तास गेले त्याचा हिशेब तुम्ही दिलेला नाही. जून ते सप्टेंबर हे चार महिने आभाळ झाकलेले असते, आणि मे महिन्यात टिनाखाली भट्टी पेटलेली असते, जिच्या उष्म्याने दुर्बिणीतला चंद्र उकळत्या दुधासारखा हलतो. अवकाळी वादळात आमच्या गावातली टिने दोन धुरे ओलांडून जातात, आणि तुमचे छप्पर तर मुळातच सरकण्यासाठी केलेले आहे.

मला २१ डिसेंबर २०२० ची संध्याकाळ आठवते. गुरू आणि शनी एकमेकांपासून अंशाच्या दहाव्या भागाइतक्या अंतरावर आले होते, आणि आम्ही एक साधी दुर्बीण खळ्यावर तुरीच्या ढिगाशेजारी लावली. मजुरीवरून परतणाऱ्या बायका, शेळ्या घेऊन येणारी पोरे, सरपंचांचे वडील असे सगळे रांगेत उभे राहून एकाच भिंगात दोन ग्रह पाहून गेले. तुमच्या १२ बाय २० मध्ये, मध्ये खांब सोडून, किती माणसे उभी राहतात ते सांगावे.

मुरूमखोद :

सहा माणसे राहतात, आणि सातवे दारात उभे राहते. रांग कोठ्याबाहेरही लागू शकते, त्यासाठी खळेच लागते असे नाही.

टिनाबद्दल आपण जे लिहिले ते अनुभवाविना लिहिलेले दिसते. पातळ टिन जितक्या लवकर तापते तितक्याच लवकर निवते, आणि सूर्य मावळताच छप्पर सरकवले तर अर्ध्या तासात त्याचा उष्मा निघून जातो. खरी भट्टी असते ती दीड फूट जाडीची मातीची भिंत आणि फरशी, जी दुपारचे ऊन मध्यरात्रीपर्यंत सोडत राहते. मी भिंत उतरवली याचा हाही एक फायदा झाला, जो मला आधी माहीत नव्हता, हे कबूल करतो. वादळासाठी चारही कोपऱ्यांत साखळ्या आहेत. छपराला धोका वाऱ्याचा नाही, वानरांचा आहे.

पावसाळ्याचे मात्र खरे आहे. त्या चार महिन्यांत भिंगांना बुरशी लागू नये म्हणून डोळभिंगे ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावी लागतात, आणि कुंभारमाशी दुर्बिणीच्या प्रत्येक भोकात मातीचे घर करते ती वेगळीच.

निवृत्त गुरुजी :

दोघेही मूळ दुखणे सोडून छपराची दिशा आणि भिंतीची उंची मोजत बसला आहात. कोठा असो वा सतरंजी, वर पाहण्यासारखे आकाश उरले आहे काय? आमच्या गावच्या चौकात दोन वर्षांपूर्वी हायमास्ट, म्हणजे अनेक दिव्यांचा उंच खांब, उभा राहिला. त्याच्या पांढऱ्या दिव्यांची तोंडे अशी आडवी आहेत की अर्धा उजेड गावाबाहेरच्या पऱ्हाटीवर पडतो आणि उरलेल्यातला बराच आभाळात जातो. पूर्वी माझ्या ओसरीवरून देवयानीतली दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी अंधुक डागासारखी दिसायची, आणि मी चौथीच्या मुलांना सांगत असे की हा उजेड २५ लाख वर्षांपूर्वी तेथून निघाला आहे. आता सप्तर्षीतल्या वसिष्ठाजवळची अरुंधती दाखवतानाही मुलांना हाताचा आडोसा करावा लागतो. मी तीन अर्ज दिले. उत्तर आले ते असे की, गुरुजी, लोक उजेड मागतात, अंधार मागणारे तुम्ही एकटेच आहात.

झाडीपट्टी :

गुरुजी, ते उत्तर बरोबर होते. तुम्ही पऱ्हाटीच्या मुलखातले आहात, मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडची आहे. आमच्याकडे धानाच्या बांधीला लागून जंगल आहे, आणि संध्याकाळी परसाकडे जाणाऱ्या बाईला दिवा हवा की देवयानी, हा प्रश्न कोणी विचारतसुद्धा नाही. माझ्या चुलत सासूला वाघाने घरापासून हाकेच्या अंतरावर उचलले, तेव्हा त्या वळणावरचा दिवा महिनाभर बंद होता. त्यानंतर तो दिवा लागावा म्हणून आम्ही बायका कार्यालयात जाऊन बसलो होतो. तुम्ही तीन अर्ज दिवा विझवण्यासाठी दिलेत, आम्ही तो पेटवण्यासाठी दिले. अंधार ही चैन आहे, आणि ती दाराला कडी लावून झोपणाऱ्यांना परवडते.

सतरंजीवाला :

ताईंनी एका वाक्यात निकाल लावला. कोठेवाल्यांनी आता वाघासाठीही एक साखळी करून ठेवावी.

निवृत्त गुरुजी :

यात विनोद करण्यासारखे काही नाही, आणि मी दिवा विझवा असे एकदाही लिहिलेले नाही. ताई, तुमच्या घरी जे घडले त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. परंतु त्या दुःखाआड माझे म्हणणे लपवू नका. मी दिव्याचे तोंड खाली करा असे म्हणालो. जानेवारी २०२४ मध्ये आपल्याच विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेले क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. तेथे वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंडाचे बसवण्यात आले. ती गावेही वाघाच्याच शेजारी आहेत, आणि तेथे कोणी गावाला अंधारात ढकललेले नाही. चाळीस वर्षे मुले शिकवल्यावर मी अंधारवादी ठरावा, याचे मात्र नवल वाटते.

झाडीपट्टी :

पेंचला पर्यटक येतात, म्हणून तेथे दिवे बदलायला पैसा निघाला. आमच्याकडे आभाळातून पाहुणा आला होता तो २ एप्रिल २०२२ च्या रात्री, आमच्याच तालुक्यातल्या लाडबोरीला, रॉकेटची धातूची कडी होऊन. तेव्हा मोठे साहेब येऊन मोजमाप करून गेले आणि कडी घेऊन गेले. वळणावरचा दिवा मागितला तेव्हा मात्र तो कोणाच्याच खात्यात बसत नव्हता. त्या रात्री जळत जाणारी ती रांग मी अंगणातून पाहिली आहे, तेव्हा आभाळ काय असते हे मला सतरंजीवाल्यांकडून वा कोठेवाल्यांकडून शिकायचे नाही.

तारकरी :

मी खांबांवर चढून दिवे बसवणारा माणूस आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. हायमास्टच्या दिव्यांची तोंडे आडवी ठेवली की उजेड लांब जातो असे पाहणाऱ्याला वाटते, कारण दिवा दुरून दिसतो. दिवा दिसणे वेगळे आणि जमीन दिसणे वेगळे. तोच दिवा तोंड थेट खाली करून, वर टोपी ठेवून बसवला, तर खांबाखालच्या आणि वळणावरच्या जमिनीवर उजेड वाढतो आणि डोळे दिपत नाहीत. डोळे दिपले की उजेडाच्या कडेला बसलेले जनावर मुळीच दिसत नाही. एका गावात मी जुन्या तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या टोप्या करून लावल्या होत्या. त्या वरिष्ठांनी काढायला लावल्या, कारण त्या मंजूर नकाशात नव्हत्या.

दुसरे असे की, जागलीवर, म्हणजे रात्री पीक राखायला, जाणारे लोक हल्ली डोक्याला जे पांढरे दिवे बांधतात, ते रानडुकरांपेक्षा एकमेकांच्याच डोळ्यांत जास्त मारतात. आमच्या भागात एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी पंपाची वीज येते, त्यामुळे रात्रपाळीच्या आठवड्यात सगळे शिवार काजव्यांसारखे लुकलुकते. त्या आठवड्यात मुरूमखोदांना काय दिसते, ते त्यांनीच सांगावे.

झाडीपट्टी :

टोपीने जमिनीवर उजेड वाढतो, हे एखाद्या तारकऱ्याने सांगितले तर मी मान्य करते. गुरुजींनी तीन अर्जांत हे एवढे एक वाक्य लिहिले असते, तर कदाचित चौथा लिहावा लागला नसता. आमच्या वळणावरच्या दिव्याला टोपी लावा, मला हरकत नाही. परंतु टोपीच्या निमित्ताने कोणी तो काढून नेला, तर त्या रात्री मी याच धाग्यावर येऊन सगळ्यांची नावे घेईन.

निवृत्त गुरुजी :

चौथा अर्ज लिहायला घेतला आहे. त्यात ते वाक्य तारकऱ्यांचे म्हणून घालीन, म्हणजे तरी कोणी वाचील.

मुरूमखोद :

धागा माझ्या कोठ्याचा होता, हे सर्वांच्या लक्षात आणून देण्याचे धाडस करतो.

तारकऱ्यांना उत्तर असे की, रात्रपाळीच्या आठवड्यात मी स्वतःच पंपावर असतो, त्यामुळे काही दिसत नाही. परंतु त्या आठवड्यात पाणी दुसऱ्या वाफ्यात जाईपर्यंत जी पाऊण घटका मिळते, तेवढ्यात छप्पर सरकवून शनी पाहून परत बारे वळवायला जाता येते. आणि हे सतरंजी टाकून, तिपाई उभारून, ध्रुव शोधून होत नाही. माझा मुद्दा पहिल्यापासून एवढाच होता. एक गोष्ट मी सतरंजीवाल्यांना देतो: अंधारात खाली बसण्याआधी मी आता पायाखाली काठी फिरवतो, कारण मागच्या वर्षी रुळाच्या कडेला मण्यार निघाली होती, आणि ती कोठ्यात आली ती उंदरांच्या मागे, जे कुटारामुळे आले होते. कुटार बाहेर काढले. खळ्यावर हा प्रश्न आला नसता असे ते म्हणतील.

सतरंजीवाला :

खळ्यावरही निघते, आणि तीही उंदरांमागेच. म्हणून त्या मुद्द्यावर मी काही म्हणणार नाही. आपले पाऊण घटकेचे गणितही मी नाकारत नाही, जरी ते पहिल्याच उत्तरात लिहिले असते तर माझा एक दिवस वाचला असता.

आता विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या घरामागे टिनाचे एक शेड रिकामे आहे. त्यात काहीही करण्याचा माझा विचार नाही, परंतु माझा मुलगा मागे लागला आहे. आपल्याकडे मुरूम किती फुटांवर लागला?

मुरूमखोद :

साडेआठ फुटांवर. नाल्याकडच्या बाजूला असाल तर आणखी खोल जावे लागेल. आणि छप्पर उत्तरेला सरकवू नका.