मदत हवी: मॅस्टोडॉनवर खातं नेमकं कुठल्या सर्व्हरवर काढावं?

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी सिंधुदुर्गातल्या देवरायांबद्दल मराठीत लिहिते. झाडं, वेली, पावसाळ्यात उगवणाऱ्या बुरशा, सोबत मोबाइलवर काढलेले फोटो. आजवर हे एका मोठ्या कंपनीच्या साइटवर टाकत होते. आता तिथे मला फॉलो करणाऱ्यांनाच माझं लिखाण दिसत नाही, म्हणून मॅस्टोडॉनवर जायचं ठरवलंय (एकाच कंपनीची नसलेली, वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या सर्व्हरवर चालवलेली सोशल साइट). दोन मैत्रिणी "तू जाशील तिथे आम्ही" म्हणून बसल्यात, म्हणजे निवड माझ्या एकटीच्या गळ्यात.

पहिल्याच पायरीवर अडले. खातं काढायला गेलं की "आधी सर्व्हर निवडा" आणि पुढे ही भलीमोठी यादी. शहरांचे, देशांचे, चित्रकारांचे, प्रोग्रामरांचे. सगळे सर्व्हर एकमेकांशी बोलतात म्हणे. मग निवडायला का लावतात?

नवऱ्याचं मत, मॅस्टोडॉन बनवणारेच जो चालवतात त्या मॅस्टोडॉन डॉट सोशलवर डोळे मिटून जा. पण सगळेच तिथे गेले तर "विकेंद्रित" कशाचं? उलट लहान सर्व्हर बंद पडला तर लिहिलेलं सगळं जाणार का? आणि मराठी वाचणारं कोणी भेटेल असा सर्व्हर कुठला?

माझं तांत्रिक ज्ञान राउटर बंद करून चालू करण्याइतपत आहे. जाणकारांनी कृपया सोप्या भाषेत सांगावं. आगाऊ धन्यवाद.

ठोकताळा

डॉट सोशलवर जा, नाही आवडला तर नंतर बदला. यादी वाचत बसलात तर पुढचा पावसाळा येईल. :)

पाणकोंबडा

ठोकताळा, "नंतर बदला" हे अर्धंच खरं आहे, आणि ताईंचं काम नेमकं उरलेल्या अर्ध्यात अडकतं.

खातं हलवलं की फॉलोअर आपोआप नव्या पत्त्यावर येतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी फाइल म्हणून उतरवून नव्या जागी चढवता येते. जुन्या पोस्टी मात्र जुन्या सर्व्हरवरच राहतात, त्या नव्या खात्यात आणायची सोय मॅस्टोडॉनमध्ये नाही. रोज "चहा झाला का" लिहिणाऱ्याला याचं काही नाही. पण देवरायांच्या नोंदी वर्षानुवर्षं साठवणाऱ्याला आहे.

दुसरं म्हणजे, "हे खातं अमुक ठिकाणी गेलं" हा निरोप जुन्या सर्व्हरलाच बाकीच्यांना पाठवावा लागतो. म्हणजे तो चालू असेपर्यंतच हलता येतं. एका रात्रीत गायब झाला तर फॉलोअर पुन्हा एकेक करून गोळा करा.

त्यामुळे मी सर्व्हरचा विषय नंतर बघतो, आधी चालवतंय कोण ते बघतो. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं तर सर्व्हरला काही अटी मान्य कराव्या लागतात: रोज बॅकअप, मालकाखेरीज आणखी किमान एका माणसाकडे आणीबाणीसाठी किल्ल्या, वंशद्वेष आणि लिंगभेदासारख्या गोष्टींवर कारवाई, आणि बंद करायचा असेल तर ३ महिने आधी सूचना. हे लेखी करार नव्हेत, पण यादीबाहेरच्या सर्व्हरपेक्षा बरं. बंद पडणं ही कल्पनेतली भीती नाही. २०२३ मध्ये मॅस्टोडॉन डॉट लॉल बंद झाला तो पैशांअभावी नव्हे, चालवणाऱ्याला झालेल्या त्रासापायी. त्याने आधी सांगितलं म्हणून लोकांना निघायला वेळ मिळाला.

अवांतर: पत्त्याची शेपटीही बघा. क्विअर डॉट एएफ नावाचा सर्व्हर होता. "एएफ" हे अफगाणिस्तानचं डोमेन. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान सरकारच्या खात्याने ते नाव काढून घेतलं आणि सर्व्हर बंद पडला.

रानजाई

बाप रे, डोमेनचा विचार स्वप्नातही केला नसता. पण चालवणारा चांगला की वाईट हे बाहेरून कळायचं कसं?

पाणकोंबडा

प्रत्येक सर्व्हरचं "माहिती" पान असतं, खातं न काढता वाचता येतं. जबाबदार माणसाचं नाव, नियम, आणि बहुतेक ठिकाणी त्यांनी कुठले सर्व्हर अडवलेत त्याची यादी. ती यादी वाचाच. द्वेष पसरवणारे अडवलेले दिसले तर उत्तम. भांडण झालं म्हणून निम्मं गाव अडवून ठेवलेलं दिसलं तर पुढे चला, कारण तिकडची माणसं तुम्हाला दिसणार नाहीत नि तुम्ही त्यांना. फेसबुकवाल्या मेटा कंपनीच्या थ्रेड्स या साइटलाही काही सर्व्हर अडवतात. तुमचे वाचक तिथे असतील तर तेही तपासा. शिवाय खर्च कुठून भागतो ते बघा. देणग्यांचा हिशोब उघड मांडलेला असेल तर माझं मत लगेच त्या बाजूला झुकतं.

दुसरी बाजू

वरचं सगळं पटलं. पण मराठीत लिहिणाऱ्या बाईने आधी विचारायचा प्रश्न कोणीच काढला नाही: तक्रार केली तर ती वाचणार कोण?

मी नोव्हेंबर २०१९ पासून मॅस्टोडॉनवर आहे. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं, तेव्हा भारतातून मॅस्टोडॉनवर मोठी लाट आली होती, त्यातलीच मी. पुढे माझ्या एका पोस्टखाली एकाने मराठीत गलिच्छ लिहायला सुरुवात केली. तक्रार केली. आमच्या सर्व्हरचे मॉडरेटर, म्हणजे तक्रारी बघणारे, युरोपातले, सज्जन लोक, त्यांनी यंत्राकडून भाषांतर केलं. शिव्या त्यात इतक्या गुळगुळीत होऊन आल्या की त्यांनी मलाच विचारलं, यात आक्षेपार्ह काय आहे? चार निरोप लिहून समजवावं लागलं. शेवटी कारवाई झाली, पण त्या दिवसांत मी काहीच लिहिलं नाही.

फॉस्टोडॉन या नावाजलेल्या सर्व्हरचा सार्वजनिक पोस्टी इंग्रजीतच असाव्यात असा नियम बरीच वर्षं होता, कारण तेच: जे वाचता येत नाही त्यावर देखरेख कशी ठेवणार? मला तो नियम प्रामाणिक वाटला. बाकीचे सगळ्या भाषांचं स्वागत करतात आणि तक्रार आली की डोकं खाजवतात. तेव्हा खातं काढण्याआधी मॉडरेटरना सरळ लिहून विचारा. उत्तर येतं का, किती दिवसांनी, कुठल्या सुरात, त्यावरून बरंच कळेल.

अजून एक: खासगी निरोपांना कुलूप नसतं, सर्व्हर चालवणारा मनात आणलं तर वाचू शकतो. दुर्मिळ ऑर्किड कुठल्या राईत आहे ते तिथे लिहू नका.

ठोकताळा

आता गंभीरपणे लिहितो. मराठी वाचक हवेत तर मोठ्या सर्व्हरचा खराखुरा फायदा आहे. हॅशटॅग शोधला की जगभरच्या पोस्टी येत नाहीत, तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचलेल्या तेवढ्याच येतात. तिथलं कोणीतरी ज्यांना फॉलो करतं त्यांच्या पोस्टी पोचतात. चाळीस जणांच्या सर्व्हरवर #मराठी शोधलंत तर तुमच्याच पोस्टी बघत बसाल. मोठ्यावर कुणी ना कुणी मराठी माणसांना फॉलो करत असतोच.

मराठीसाठी वेगळा सर्व्हर शोधायच्या भानगडीत पडू नका. पोस्ट लिहिताना भाषा "मराठी" निवडा, कारण काही लोक भाषेनुसार चाळणी लावतात. २०२२ च्या ४.० आवृत्तीपासून हॅशटॅगच फॉलो करता येतो, तोही करा.

रानजाई

यादीत एकोएवो डॉट सोशल दिसला, परिसंस्था आणि उत्क्रांतीचे अभ्यासक असलेला. मोह होतोय, पण मी काही संशोधक नाही.

पाणकोंबडा

तिथल्या माणसांना कुठूनही फॉलो करता येईल की! बुरशी ओळखून हवी असेल तर त्यांना विचारा, घर तिथेच हवं असं नाही. आणि मैत्रिणींना तुमच्याच सर्व्हरवर ओढू नका. तिघी तीन ठिकाणी राहिलात तर एक सर्व्हर बसला तरी बाकीच्या दोघी निरोप द्यायला शिल्लक.

रानजाई

सर्वांचे आभार. दुसरी बाजू म्हणाल्या तसं तीन सर्व्हरना लिहिलं. एकाकडून काहीच नाही. दुसऱ्याने नियमांचं पान पाठवलं. तिसऱ्याने, मध्यम आकाराचा आहे, लिहिलं की आमच्याकडे मराठी येणारं कोणी नाही, पण हिंदी येणारी एक आहे आणि तक्रार आली तर कारवाईआधी तुम्हाला अर्थ विचारू. तिथेच काढलं. एक मैत्रीण डॉट सोशलवर गेली, दुसरी अजून यादी वाचतेय.

शेवटची शंका: पोस्टींची प्रत घरी ठेवता येते का?

पाणकोंबडा

येते. सेटिंगमध्ये निर्यात विभागात संग्रह मागवा, फोटोंसकट फाइल मिळते. ७ दिवसांतून एकदाच मागवता येतो. ती फाइल नव्या सर्व्हरवर चढत नाही, पण मजकूर तुमच्या हातात राहतो. फोटो मूळ आकारात हवे असतील तर ते वेगळे जपा, मॅस्टोडॉन मोठे फोटो लहान करून ठेवतो.