मदत हवी आहे : वडिलांच्या अपघाताचा दावा, मुदतीला महिनाच उरलाय

नमस्कार मंडळी. पाच महिन्यांपूर्वी पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेल्या माझ्या वडिलांना टेम्पोने मागून उडवलं. मांडीत रॉड आहे, काठीशिवाय चालता येत नाही. चेपलेला कॅन अजून ओसरीत तसाच आहे, आई तो हलवू देत नाही.

एफआयआर झालाय, पंचनाम्याची नक्कल मिळालीय. टेम्पोवाल्याचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. "चाळीस हजार घ्या अन् मिटवा" म्हणतो. दवाखान्याचाच खर्च त्याच्या चौपट झालाय, मी सही करू दिली नाही.

मोटार अपघात न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली भरपाईचा दावा करायचाय. 2022 पासून त्याला सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून घाई. अपघात पुणे जिल्ह्यातला, आम्ही नगरचे. राहत्या जिल्ह्यात दावा करता येतो हे कळलंय.

अडलंय ते उत्पन्नाच्या पुराव्यावर. पगारपत्रक कुठून आणणार? डेअरीची दर दहा दिवसांची बिलं आहेत, ती चालतात का? अपंगत्वाचा दाखला दाव्याआधीच लागतो की नंतर दिला तरी चालेल? नगर कोर्टात हे काम मनापासून करणारे वकील माहीत असतील तर कृपया मेसेज करा.