मदत हवी आहे: फ्रान्समध्ये वंशभेदाची तक्रार कशी करतात?

मंडळी, भाची न्यू जर्सीत वाढली, आता नोकरीसाठी पॅरिसला चालली आहे. अमेरिकेची जनगणना १७९० पासून वंशाची नोंद करते; १९८० पासून तर ‘एशियन इंडियन’ असा वेगळा रकानाच आहे. तिला अशा रकान्यांवर टिक करायची सवय. फ्रान्समध्ये सगळं उलट! जनगणनेत वंश विचारतच नाहीत, १९७८ च्या कायद्याने अशी माहिती गोळा करण्यावर कडक बंधनं आहेत. (ब्रिटन मात्र १९९१ पासून विचारतं, म्हणजे सगळे युरोपीय देश एका माळेचे मणी नव्हेत.) आता फॉर्मवर नाही म्हणून घरमालकाच्या डोक्यातही नसेल, हे काही मला पटत नाही. आडनाव बघून कोणी घर नाकारलं, तर आकडेवारीशिवाय भेदभाव सिद्ध कसा करतात? आणि दाद कुठे मागायची? तिथे राहणाऱ्यांनी प्लीज सांगा.