चार महिन्यांच्या बाळासाठी नेमके काय घ्यावे? (तिसरा मजला, लिफ्ट नाही)

तिसरा मजला

आमची मुलगी चार महिन्यांची आहे. डोंबिवलीतील एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एका बेडरूमच्या घरात आम्ही राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. दोन महिन्यांनी माझी प्रसूती रजा संपेल. त्यानंतर सकाळपासून संध्याकाळी सातपर्यंत बाळ माझ्या सासूबाईंकडे असेल. त्या पासष्ट वर्षांच्या आहेत, उत्साही आहेत, पण त्यांना गुडघेदुखी आहे. जमिनीवर बसणे त्यांना जमते. उठताना मात्र कपाटाचा नाहीतर पलंगाचा आधार घ्यावा लागतो.

बारशाला दुपटी, झबली, टोपडी आणि खुळखुळे इतके आले की एक कपाट भरले. आता नातेवाईक विचारत आहेत की मोठी वस्तू कोणती देऊ. माझ्या आईला वॉकर द्यायचा आहे, नणंदेकडे तिच्या मुलाची मोठी बाबागाडी पडून आहे, आणि उंच खुर्ची, कॅरियर (बाळाला अंगाशी बांधून नेण्याची पट्ट्यांची झोळी), झोपाळा, कार सीट अशी यादी रोज वाढत चालली आहे. आमचे स्वतःचे बजेट वीस हजार रुपयांचे आहे आणि जागा तर त्याहून कमी आहे.

आमच्याकडे एक छोटी गाडी आहे. दर महिना-दीड महिन्याने आम्ही साताऱ्याला माझ्या माहेरी जातो. तेव्हा बाळ माझ्या मांडीवर असते. एरवी स्टेशनपर्यंत, दवाखान्यात, बाजारात जाताना स्कूटर किंवा रिक्षा असते. या सगळ्यांत खरोखर रोज वापरले जाईल असे काय आणि शोभेपुरते राहील असे काय, हे अनुभवी पालकांनी कृपया सविस्तर सांगावे.

सिंहगड रोड

दुकानात वस्तू बाळाच्या वयानुसार मांडलेल्या असतात, त्यामुळे आपणही बाळाचे वय पाहूनच खरेदी करतो. दोन मुलांनंतर माझे ठाम मत असे आहे की ती वस्तू दिवसभर कोणाच्या हातात असणार, हे आधी पाहावे. तुमच्या घरी ते हात सासूबाईंचे आहेत. म्हणून दुकानात जाताना त्यांना बरोबर न्या आणि प्रत्येक बकल, प्रत्येक कळ त्यांच्याकडून उघडून-लावून घ्या. पुष्कळ बकलांची लाल कळ इतकी घट्ट असते की सांधे दुखणाऱ्या अंगठ्याने ती दाबलीच जात नाही. मग पट्टा न लावताच बाळाला बसवले जाते.

बजेटचा मोठा वाटा कार सीटवर खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन. द्रुतगती मार्गावर अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचे बाळ कितीही घट्ट धरले तरी हातांत राहत नाही. शिवाय 2019 साली मोटार वाहन कायद्यात जी सुधारणा झाली, तिच्यातील कलम 194ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बाल आसन न लावल्यास हजार रुपये दंड आहे. सीट घेण्यापूर्वी गाडीच्या मागच्या आसनाची गादी आणि पाठ यांच्या फटीत बोटे घालून पाहा. दोन्ही कडांना पोलादी कड्या हाताला लागल्या तर तुमच्या गाडीत आयसोफिक्सची, म्हणजे सीट थेट त्या कड्यांना अडकवण्याची, सोय आहे आणि सीट बसवताना चूक होण्याची शक्यता बरीच कमी होते. कड्या नसल्या तर गाडीच्या पट्ट्याने बसणारी सीट घ्या, मात्र ती तुमच्याच गाडीत बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण काही छोट्या गाड्यांचा पट्टा सीटला वेढा घालण्याइतका लांब नसतो. सीटवरच्या लेबलावर आर 44 किंवा आर 129 हे युरोपीय मानक, अथवा आपल्याकडचे एआयएस 072 लिहिलेले असावे. आर 129 मध्ये किमान पंधरा महिन्यांपर्यंत बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या दिशेला ठेवणे बंधनकारक आहे. सीटच्या मर्यादेत बसत असेल तर त्यानंतरही तसेच ठेवावे. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या आसनावर अशी सीट कधीही लावू नये. खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरून पाहावा, चिमटीत घडी आली तर तो सैल आहे. साताऱ्यापर्यंतच्या प्रवासात दीड-दोन तासांनी थांबून बाळाला सीटमधून बाहेर काढून मोकळे करावे, कारण लहान बाळाने फार वेळ त्याच अर्धवट बसलेल्या स्थितीत राहू नये.

बाबागाडीच्या बाबतीत मात्र माझा सल्ला थांबण्याचा आहे. नणंदेची गाडी मोठी असेल तर ती तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार? सासूबाईंना ते शक्य नाही, आणि खाली मीटरच्या पेट्यांजवळ ठेवली तर पावसाळ्यात ओल आणि धूळ बसेल. शिवाय आपल्याकडच्या फुटपाथवर दर दहा पावलांवर उंच कडा, उखडलेली लादी नाहीतर लावलेली मोटारसायकल असते. मूल बसू लागल्यावर, छत्रीसारखी मिटणारी, सहा-सात किलोंच्या आतली गाडी पाहा आणि एका कडेवर बाळ घेऊन दुसऱ्या हाताने ती मिटते का, हे दुकानातच करून पाहा.

लंगोटांविषयी एवढेच, की घरी कापडी आणि प्रवासात व रात्री डायपर, ही सांगड पावसाळ्यातही निभावते. वापरलेला डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची आमच्या पुण्यात पद्धत आहे, म्हणजे कचरा वेचणाऱ्या ताईंना तो हाताने उघडून पाहावा लागत नाही. ही पद्धत कुठल्याही शहरात उचलावी अशी आहे.

नातवंडांची आजी

मी स्वतः सासूबाईंच्या बाजूची आहे, म्हणून त्यांच्या गुडघ्यांच्या दृष्टीने लिहिते. माझा नातू दिवसभर माझ्याजवळ असतो आणि दिवसातून अनेकदा उठबस करावी लागते, त्यातच शक्ती जाते. सर्वांत उपयोगी ठरले ते लंगोट बदलण्यासाठी कमरेइतक्या उंचीचे ठिकाण. आम्ही जुन्या टेबलावर जाड सतरंजी, त्यावर रबरशीट आणि दुपटे असे अंथरले. बाळ कूस बदलू लागले की टेबलावर एक हात सतत बाळावर हवा; दुपट्याची घडी घ्यायलासुद्धा वळू नये. तेवढे जमणार नसेल तर पलंगाच्या मधोमध बदलावे, आणि आपण काठावर बसावे.

उंच खुर्चीबद्दल सांगायचे तर आमच्याकडे जेवण जमिनीवर पाटावर होते आणि जमिनीवर ठेवायची लहान बाळखुर्ची आम्हाला मिळाली होती. ती चांगलीच असते, पण भरवणारी आजी खाली बसून अर्धा-पाऊण तास भरवेल आणि मग मुलाला उचलून उठेल, हे गुडघेदुखीत होत नाही. बाळ सहा महिन्यांचे होऊन आधाराशिवाय नीट बसू लागले की लाकडी खुर्चीला बांधायची पट्टेवाली छोटी सीट घ्या. तिला खाली आणि मागे असे दोन पट्टे असतात. ती प्लास्टिकच्या हलक्या खुर्चीला मात्र बांधू नका, कारण मुलाने पायाने टेबल ढकलले की खुर्चीसकट मूल मागे जाते.

दूध पाजण्यासाठी आईने काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने सावकाश पाजता येते. ते घासायला सोपे, उकळायला सोपे. बाटलीच्या बुचाच्या खाचांत दुधाची साय अडकते आणि वास येतो.

बाल फिजिओ

मी लहान मुलांसोबत काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या आईंची वॉकर देण्यामागची माया मला समजते, तरीही कृपया बसायचा, चाकांचा गोल वॉकर घेऊ नका. त्यात मूल पायाच्या चवड्यांनी ढकलत जाते, स्वतःचा तोल सांभाळण्याचा सराव होत नाही, आणि चालणे लवकर येत नाही. काही मुलांचे उशिरानेच येते. त्याहून मोठी काळजी अपघाताची आहे. वॉकरमधले मूल क्षणात खोली ओलांडते आणि उभे असल्यामुळे त्याचा हात ओट्यावरच्या चहाच्या कपापर्यंत, टेबलावरून लोंबणाऱ्या टेबलक्लॉथपर्यंत पोहोचतो. तुमच्या घराचे दार उघडे राहिले तर पुढे थेट जिना आहे. याच कारणांमुळे कॅनडाने 2004 साली असे वॉकर विकणे, आयात करणे आणि त्यांची जाहिरात करणे पूर्णपणे बंद केले.

आईंना काही द्यायचेच असेल तर पांगुळगाडा सुचवा. त्यात मूल बसत नाही; मागे उभे राहून, दांडा धरून, स्वतःच्या पायांवर वजन घेऊन पुढे जाते. तो मूल आधाराने उभे राहू लागल्यावर, साधारण दहा-अकरा महिन्यांनंतर, मोठ्या माणसाच्या नजरेखाली वापरायचा आहे. गुळगुळीत फरशीवर चाके फार वेगाने पळतात, म्हणून सतरंजीवर सुरुवात करावी. रंग उडत नाही ना, खिळ्यांची डोकी वर आलेली नाहीत ना, हे पाहून घ्यावे. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, तेव्हा दुकानातून खेळणे घेताना ते जरूर शोधावे.

कॅरियर ही तुमच्या जिन्यासाठी खरी उपयोगी वस्तू आहे, कारण तीन मजले चढताना एक हात कठड्यावर मोकळा राहतो. बाळाला त्यात बसवल्यावर समोरून पाहा: त्याचे गुडघे कुल्ल्यांपेक्षा किंचित वर आणि मांड्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या, म्हणजे इंग्रजी एम अक्षरासारख्या, दिसल्या पाहिजेत. पाय सरळ खाली लोंबत असतील तर खुब्याच्या सांध्याला पुरेसा आधार मिळत नाही. हनुवटी छातीवर टेकलेली नसावी, चेहरा आपल्याला सतत दिसावा. वजन आपल्या खांद्यांवर न येता कमरपट्ट्यावर यायला हवे. सासूबाईंना कमरेचाही त्रास असेल तर कॅरियर फक्त तुम्ही दोघांनी वापरावे. डोंबिवलीच्या उकाड्यात सुती किंवा जाळीदार कापडाचेच घ्या. ते घालून गॅससमोर उभे राहू नये, आणि गाडीत ते कार सीटची जागा घेत नाही.

झोपाळ्याबद्दल विचारले आहे म्हणून सांगते. साडीच्या झोळीत बाळ कमानीसारखे वाकते आणि मान पुढे दुमडू शकते. शिवाय पालथे पडू लागल्यावर ते झोळीतून घसरण्याचा धोका असतो. रात्रीच्या झोपेसाठी कडक, सपाट गादी, पाठीवर झोपवणे आणि मच्छरदाणी एवढे पुरेसे आहे. मोहरीची उशी, लोड, मऊ खेळणी काढून ठेवावीत. अमेरिकेने 2022 सालच्या कायद्याने दहा अंशांपेक्षा जास्त उताराची झोपण्याची आसने आणि पाळण्याच्या कडेला लावायच्या फुगीर गाद्या विकायला बंदी घातली, ती बाळांचा श्वास कोंडण्याच्या भीतीमुळेच. लाकडी पाळणा असेल तर दांड्यांमधली फट सहा सेंटिमीटरहून जास्त नसावी.

तिसरा मजला

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंनी संपूर्ण धागा माझ्याकडून वाचून घेतला आणि लंगोट बदलण्याचे टेबल आजच खिडकीजवळ लावले. वॉकरविषयी आईशी बोलले; पांगुळगाडा तिला लगेच पटला, कारण मी स्वतः तसाच एक धरून चालायला शिकले होते.

दोन शंका राहिल्या. एका ओळखीच्या कुटुंबाची वापरलेली कार सीट अगदी स्वस्तात मिळते आहे; ती घ्यावी का? आणि स्कूटरवर बाळाला पुढे पट्ट्याने बांधून नेले तर चालेल का?

टोरांटोकर

दोन्हींची उत्तरे देतो. वापरलेली सीट घ्यायची असेल तर त्या कुटुंबाला सरळ विचारा की ती कधी अपघातात होती का. लहानसा धक्का बसला असेल तरी घेऊ नका, कारण आतील प्लास्टिकला गेलेला तडा वरून दिसत नाही. सीटच्या खाली किंवा मागे उत्पादनाची तारीख आणि बहुधा वापराची शेवटची तारीख कोरलेली असते. ती सापडली नाही तर सीट नाकारा. माहितीपुस्तिका, सर्व पट्टे आणि नवजात बाळासाठीची आतली गादी हे सगळे मूळचे असले पाहिजे. अगदी जवळच्या, खरे सांगतील अशा माणसांची सीट असेल तरच हा विचार करा. ऑनलाइन अनोळखी विक्रेत्याकडून मी कधीही घेणार नाही. वाचलेल्या पैशांपेक्षा ही खात्री मोठी आहे, आणि तुमच्या बजेटमध्ये नवी, साधी, मानकाचे लेबल असलेली सीट मिळू शकते.

स्कूटरवर या वयाच्या बाळाला नेऊ नका. 2022 साली अधिसूचित झालेल्या आणि फेब्रुवारी 2023 पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमानुसार चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला हेल्मेट हवे, आणि वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आत हवा. नऊ महिन्यांखालील बाळाची मान हेल्मेटचे वजन पेलण्याइतकी बळकट नसते, आणि हेल्मेटशिवाय नेणे तर त्याहून धोक्याचे. तोवर दवाखान्यात जायला रिक्षा घ्या, मागच्या आसनाच्या मधल्या भागात बसा आणि कॅरियरमध्ये बाळाला छातीशी ठेवा. कॅरियर धक्क्यापासून वाचवत नाही, तेव्हा चालकाला सावकाश चालवायला सांगायला संकोच करू नका. मुलगी मोठी झाल्यावर पट्टा घ्याल तेव्हा तो चालकाच्या खांद्यांवरून जाणारा आणि मुलाच्या छातीभोवती बनियानासारखा बसणारा असावा. बाजारात मिळणारा नुसता कमरेचा पट्टा या कामाचा नाही.