पार्किंगमधली ई-स्कूटर आणि आईचं मनगट

सोसायटीच्या आवारात गाड्या हळू असतात, लागलं तरी फार तर खरचटतं, असं वर एकांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या इथे बडोद्यात, मांजलपूरला, आई तुळशीला पाणी घालून वळली आणि ई-स्कूटर अंगावर आली. आवाज नाही, काही नाही. शेजारचा नववीतला मुलगा गाडी फक्त बाजूला घेत होता. चालू आहे हे त्याच्या लक्षातच नव्हतं, हँडल धरून ओढताना मूठ पिळली गेली. या मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, इंजिनासारखा चढत जात नाही. आई हातावर पडली. आम्ही दोन दिवस हळदीचा लेप लावत बसलो, ही आमची चूक. एक्स-रे काढला तेव्हा मनगटाचं हाड मोडलेलं निघालं. अजूनही पोळी लाटताना तिचा हात मध्येच थांबतो.

250 वॅटपर्यंतच्या, ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या गाडीला नोंदणी, लायसन्स लागत नाही, म्हणून घरोघरी ती मुलांच्या हाती दिली जाते. म्हातारं माणूस पडायला चालण्याइतका वेगही पुरतो हो! गाडी हाताने सरकवण्याआधी किल्ली बंद करा, एवढं तरी मुलांना शिकवाच.