शिशकलींची दोन बंडं

कुणीकुणी लिहितं की सीरियाचे लष्करी अधिकारी अदीब शिशकली डिसेंबर १९४९च्या बंडानंतर थेट राष्ट्राध्यक्ष झाले. तसं नाही. त्या वर्षातलं सीरियातलं हे तिसरं लष्करी बंड. आधी मार्चमध्ये हुस्नी अल-झैम, ऑगस्टमध्ये सामी अल-हिन्नावी. शिशकली मात्र पडद्याआड राहिले. राष्ट्रप्रमुख हाशिम अल-अतासींचं नागरी सरकार चालू ठेवलं, अट एकच: संरक्षण खातं आपल्या माणसाकडे, म्हणजे फौझी सेलूंकडे. नोव्हेंबर १९५१मध्ये मारूफ अल-दवालिबींनी पंतप्रधान होताच ते खातं स्वतःकडे घेतलं आणि लगेच शिशकलींनी त्यांना मंत्रिमंडळासकट गजाआड टाकलं! हेच दुसरं बंड. अतासींनी राजीनामा दिला, सेलू नामधारी प्रमुख झाले. खरी गोम त्या एका खात्यात होती.

१९५२मध्ये पक्षांवर बंदी घालून शिशकलींनी स्वतःचा 'अरब मुक्ती चळवळ' हा पक्ष काढला. जुलै १९५३च्या सार्वमतानंतर राष्ट्राध्यक्षपद. जानेवारी १९५४मध्ये द्रुझ या अल्पसंख्य धर्मपंथाच्या डोंगराळ भागावर तोफा-विमानं सोडली, ते महागात पडलं. २५ फेब्रुवारीला अलेप्पोच्या छावणीने बंड पुकारलं. दमास्कसमधलं सैन्य हाताशी असूनही शिशकली लढले नाहीत, देश सोडून गेले. सप्टेंबर १९६४मध्ये ब्राझीलमध्ये एका द्रुझ तरुणाने त्यांना गोळ्या घातल्या.