मदत हवी आहे: पूलमध्ये (टेबलवर काठीने बॉल पॉकेटमध्ये घालायच्या खेळात) सरळ पॉटच जात नाहीये, एकट्याने सराव नक्की कसा करायचा?

सरळरेषा_९
मंडळी, जरा लवकर मदत हवीये. दोन वर्षं पूल खेळतोय, ऑफिस सुटलं की आठवड्यातून तीनदा पार्लरला जातो, पण गेले दोन महिने गेम जिथल्या तिथे आहे. अँगलचे बॉल जातात, बँक शॉटसुद्धा (टेबलच्या कडेवर आपटून घातलेला) बसतो अधूनमधून, आणि जो लांबचा सरळ पॉट, म्हणजे नाकासमोर पॉकेटमध्ये घालायचा बॉल, डोळ्यासमोर उघडा पडलेला असतो तोच पॉकेटच्या तोंडाशी खडखडतो आणि बाहेर येतो. २० दिवसांवर डबल्सची स्पर्धा आलीये, पार्टनर चांगला खेळतो, त्याला माझ्यामुळे हरवायचं नाहीये. दुपारी पार्लर रिकामं असतं, एकटा जाऊन सराव करू शकतो. पण एकटा गेलो की मी सगळे बॉल पसरवतो आणि मारत सुटतो, तास संपतो, हाती काही नाही. नक्की काय करू? व्हिडिओ सुचवू नका प्लीज, ढीगभर बघून झालेत.

मिरजेचा_मल्ल्या
टेबल किती फुटी? ८ का ९? क्यू, म्हणजे काठी, पार्लरची का स्वतःची? बॉल डावीकडे चुकतो का उजवीकडे? काहीच लिहिलं नाहीयेस, सांगायचं तरी काय.

स्नूकरवाला_दादर
पूल सोडून दोन आठवडे स्नूकर टेबलवर जा. १२ फुटी टेबल, ५२.५ मिमीचा बॉल, अरुंद पॉकेट. तिथे सरळ पॉट जायला लागला की पूल टेबलचं पॉकेट बादलीएवढं दिसतं. मी असंच केलंय, दुसरा उपाय नाही.

बाळू_न्यूजर्सी
दादा, २० दिवसांत टेबल बदलायला सांगू नका हो त्याला. पूलचा बॉल ५७ मिमीचा, जड, क्यूची टीप, म्हणजे टोकाची चामडी चकतीपण जाड, सगळा हात बदलतो. इकडे आम्ही लीगमध्ये बारमधल्या ७ फुटी टेबलवर खेळतो आणि स्नूकरवरून आलेले लोक पॉटिंगला भारी असतात, पण पांढरा (क्यूने मारायचा बॉल) कुठे थांबवायचा तिथे महिनोन्‌महिने चाचपडतात.

स्नूकरवाला_दादर
त्याचा प्रश्न पॉटिंगचाच आहे. पांढऱ्याचं त्याने विचारलंय कुठे?

सरळरेषा_९
टेबल ९ फुटी. क्यू पार्लरचा, जो हाताला येईल तो. चुकतो तेव्हा बहुतेक डावीकडेच चुकतो, आता तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं. मी उजव्या हाताने खेळतो.

प्राची_के
लो डिफ्लेक्शन शाफ्ट घे (क्यूचा पुढचा दांडा, ज्याने पांढरा कमी भरकटतो), कार्बनचा. माझ्या भावाचा गेम महिन्यात बदलला.

मार्करचा_नातू
प्राचीताई, शाफ्ट नंतर. बाळा, हे एक करून बघ, टेबलवर दुसरा एकही बॉल नको. पांढरा घे, खालच्या बाजूला टेबलच्या आडव्या लाइनच्या बरोबर मध्ये ठेव, समोरच्या कुशनवर (टेबलच्या रबरी कडेवर) सरळ मार. इतका हळू की तो परत येऊन तुझ्या क्यूच्या टोकाला लागावा. मारून झालं की हलायचं नाही, क्यू तिथेच, हनुवटी खाली. २० वेळा मार आणि परत येताना बॉल कुठे जातो ते कागदावर लिही. डावीकडे परत आला तर तू मध्यावर मारतच नाहीयेस, न कळत डावा साइड लागतोय, म्हणजे मध्याच्या डावीकडे मारल्याने बॉलला फिरकी मिळतेय. डावा साइड लागला की पांढरा निघतानाच किंचित उजवीकडे सरकतो, समोरच्या बॉलला उजव्या अंगाला लागतो आणि बॉल डावीकडे जातो. लांबच्या शॉटवर, जोरात मारल्यावर हे जास्त दिसतं. म्हणजे तुझा नेम कदाचित बरोबर असेल आणि हात चुकत असेल. माझे आजोबा जिमखान्यात मार्कर (टेबल सांभाळणारे, गुण मोजणारे) होते, नवीन पोराला पहिले कित्येक दिवस ते एवढंच करायला लावायचे. पोरं कंटाळून पळून जायची, जी राहिली ती खेळायला शिकली.

हेमंत_सर
मार्कर म्हटलं की आठवलं, विल्सन जोन्स आपल्या पुण्यातच जन्मले. १९५८ ला कलकत्त्याला जागतिक हौशी बिलियर्ड्स जिंकले, वैयक्तिक खेळात भारताचे पहिले विश्वविजेते. १९६४ ला परत जिंकले. आज पुण्यातल्या किती पार्लरमध्ये त्यांचा साधा फोटो आहे? फार वाईट वाटतं.

बाळू_न्यूजर्सी
खरंय सर, पण त्याचे दिवस कमी होत चाललेत. मार्करचा_नातू म्हणतात त्याला माझी एक जोड: पट्ट्याचा बॉल, म्हणजे ९ ते १५ मधला कुठलाही, पांढऱ्याच्या जागी ठेव. पट्टा उभा, बरोबर शॉटच्या लाइनमध्ये. टीपला भरपूर चॉक लाव आणि मार. मध्यावर लागला तर पट्टा चाकासारखा सरळ पळेल, साइड लागला तर डगमगेल. नंतर बॉल उचलून बघ, चॉकचा ठिपका पट्ट्याच्या मध्ये आहे का बाजूला, समोरच दिसतं.

विठ्ठल_अ
घरी टेबल घ्यायचं असेल तर स्लेटचंच घ्या, एमडीएफचं पावसाळ्यात फुगतं. आणि स्लेटचं वजन फार, वरच्या मजल्यावर असाल तर आधी इंजिनिअरला विचारा.

सरळरेषा_९
टेबल घ्यायचं नाहीये काका.
आज दुपारी जाऊन आलो. २० पैकी १३ वेळा पांढरा डावीकडे परत आला, उजवीकडे २, बाकी सरळ. ११ नंबरवर चॉकचा ठिपका सगळा डावीकडेच. बघून हादरलो, कारण दोन महिने मी नेमच बदलत बसलोय. आता हे सुधारायचं कसं?

मार्करचा_नातू
मोबाइल समोरच्या कुशनवर टेकवून ठेव, तुझ्याकडे तोंड करून, आणि शूटिंग कर. कोपर बाहेर जातंय का बघ. मागचा हात अंगापासून लांब गेला की टोक डावीकडे वळतं. दुसरं, मारायच्या क्षणी मूठ आवळतोस का? क्यू चिमणी धरल्यासारखा धर. ब्रिजपासून (क्यू टेकवायच्या पुढच्या हातापासून) बॉलपर्यंत अंतर किती ठेवतोस? वीतभर पुरे.

मिरजेचा_मल्ल्या
चष्मा आहे का रे तुला?

सरळरेषा_९
हो, पाच वर्षं. त्याचा काय संबंध?

मिरजेचा_मल्ल्या
हे आधी सांगायचं ना! वाकलास की फ्रेमच्या वरच्या काठातून बघतोस. अर्धं भिंगातून, अर्धं बाहेरून, म्हणून मान वाकडी होते आणि मागोमाग खांदा. माझं अगदी हेच होतं. डेनिस टेलर आठव, १९८५ चा स्नूकरचा विश्वविजेता, त्याचा तो उंच भिंगांचा चष्मा हौसेचा नव्हता. लेन्स लावून एकदा खेळून बघ.

स्नूकरवाला_दादर
हे मात्र पटलं. लेन्स लावल्यास की स्टॉप शॉट कर. दोन बॉल सरळ रेषेत, हातभर अंतर, पॉट करून पांढरा जागेवर थांबला पाहिजे. थांबून भोवऱ्यासारखा फिरत राहिला तर साइड आहे. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरला तर डावा. दहापैकी आठ जमले की अंतर हातभर वाढव, त्याआधी नाही.

सरळरेषा_९
चार दिवसांनी लिहितोय. भावाच्या जुन्या लेन्स होत्या, पण नंबर वेगळा म्हणून तो नाद सोडला, डॉक्टरकडून माझ्या नंबरच्या आणल्या. व्हिडिओत कोपर स्पष्ट बाहेर जाताना दिसतंय. पार्लरमधला एक क्यू तपासून खूण करून ठेवलाय, बाकी सगळ्यांच्या टीप फुगून छत्रीसारख्या झाल्यात. पांढरा आता २० पैकी १२ वेळा टोकाला येऊन लागतो. स्टॉप शॉट हातभर अंतरावर जमतो, अर्ध्या टेबलवर दहापैकी पाच. जोर वाढवला की परत डावीकडे.

मार्करचा_नातू
मग जोर वाढवू नकोस. स्पर्धेतसुद्धा लांबचा सरळ बॉल पॉकेटपर्यंत पोचेल एवढाच मार. उद्या किती वाजता जातोयस? मी कोथरूडला असतो, तुझं पार्लर जवळ असेल तर अर्धा तास येतो.